आर्चीनंतर कोण?

येत्या २९ एप्रिलला ‘सैराट’ प्रदर्शित होऊन दहा वर्षे होतील. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात आईबापाचे बोट धरून जी पोरे हा सिनेमा पाहायला गेली, ती आज सोळा-सतरा वर्षांची झाली आहेत. त्यांतल्या अनेकांनी यंदा दहावीची परीक्षा दिली. निकाल लागायचा आहे, अकरावीचा प्रवेश व्हायचा आहे आणि हाताशी भरपूर मोकळा वेळ आहे. शहाड स्टेशनच्या पुलावर, बिर्ला मंदिराच्या आवारात, कल्याणच्या काळ्या तलावाच्या काठी ही मुले संध्याकाळी घोळक्याने दिसतात. कोण कोणाकडे बघते, कोण कोणाला टाळते, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, हे त्यांच्या जगातले सर्वांत गंभीर विषय असतात. मोठ्यांनी त्यावर हसू नये. पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोणावर तरी जीव जडतो, तेव्हा घरच्यांना न विचारता घेतलेला तो बहुधा पहिलाच निर्णय असतो.

दशकपूर्तीच्या निमित्ताने ‘सैराट’ची कीर्ती पुन्हा सांगितली जाईल. पन्नास कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट, बर्लिनच्या महोत्सवातली निवड, हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले अजय-अतुल यांचे संगीत, त्यावरून निघालेले हिंदी, कन्नड, पंजाबी आणि ओडिया चित्रपट. या सगळ्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. तरीही लोकांच्या मनात या सिनेमाच्या दोनच गोष्टी पक्क्या बसल्या आहेत, एक ‘झिंगाट’ आणि दुसरा तो शेवट, रक्ताने माखलेली लहान मुलाची पावले. आमच्या भागात, शहाड-मोहन्यापासून थेट टिटवाळ्यापर्यंत, हळदीची रात्र ‘झिंगाट’शिवाय पुरी होत नाही. त्याच मांडवात घरच्या पोरीने जातीबाहेरच्या मुलाचे नाव घेतले तर काय होईल, हेही नाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आपण गाणे ठेवून घेतले आणि शेवट विसरायचे ठरवले. या दोहोंच्या मधले जवळजवळ तीन तास जिने आपल्या खांद्यावर पेलले, त्या अर्चना पाटीलबद्दल, आर्चीबद्दल, आज लिहायचे आहे. मराठी सिनेमाने वयात येणाऱ्या मुलांची मने फार चांगली रंगवली. वयात येणाऱ्या मुलीला मात्र तिचे म्हणणे असलेले माणूस म्हणून त्याने अगदी क्वचित उभे केले. दहा वर्षांपूर्वी आर्चीने एक दार उघडले. त्यातून पुढे फार थोडे जण गेले.

‘सैराट’च्या आधीची चार वर्षे या प्रकारच्या मराठी चित्रपटांसाठी विलक्षण होती. जानेवारी २०१२ मध्ये सुजय डहाके यांचा ‘शाळा’ आला. पुढच्या जानेवारीत रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ आला, त्याच्या पुढच्या जानेवारीत त्यांचाच ‘टाइमपास’. सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारी २०१४ ला, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. चारही चित्रपट लोकांनी मनापासून पाहिले. पण चारही ठिकाणी गोष्ट प्रामुख्याने मुलाची आहे.

‘शाळा’ आजही पुन्हा पाहावासा वाटतो. मिलिंद बोकील यांच्या २००४ मधल्या कादंबरीवरचा हा चित्रपट आणीबाणीच्या काळातला. नववीचा वर्ग, चार मित्र आणि मुकुंद जोशीचे शिरोडकरवर बसलेले मन. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, ते योग्यच झाले. जोशीच्या मनातली प्रत्येक वळवळ आपल्याला कळते. त्याची भीती, फुशारकी, मित्रांपुढचा खोटा बेफिकीरपणा, एकट्याने गच्चीवर केलेले विचार. शिरोडकर मात्र आपल्याला दिसते तेवढीच. ती वळून बघते, वही देते, हसते. घरी जाऊन ती काय विचार करत असेल, जोशीबद्दल मैत्रिणीला काय सांगत असेल, काही सांगत तरी असेल का, हे आपल्याला कळत नाही. बोकिलांची कादंबरी मुलानेच सांगितलेली आहे. त्याला जे दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाला मुलीचे मन दिसत नाही हे सत्यच आहे. ती त्या कादंबरीची प्रामाणिक मर्यादा आहे. सिनेमावर तशी सक्ती नव्हती. कॅमेरा मुलींच्या बाकाकडेही नेता आला असता.

शिरोडकर झालेली केतकी माटेगावकर पुढे ‘टाइमपास’मध्ये प्राजक्ता झाली. दगडू दहावीत नापास झालेला, घरोघर पेपर टाकणारा, जिभेला हाड नसलेला पोरगा. प्रथमेश परबने तो असा रंगवला की ठाणे-कल्याणच्या प्रत्येक गल्लीला आपलाच एक दगडू त्यात दिसला. प्राजक्ताच्या वडिलांचा करारी धाकही वैभव मांगले यांनी ठसठशीत उभा केला. या दोन पुरुषांच्या मध्ये प्राजक्ता आहे. एकाला ती मिळवायची आहे, दुसऱ्याला ती राखायची आहे. तिला स्वतःला काय हवे आहे याला त्या गोष्टीत फार थोडी जागा मिळाली. दोन्ही चित्रपटांत केतकीचे डोळे आणि आवाज लक्षात राहतो, तिच्या पात्राचे एखादे मत आठवत नाही. हा तिच्या अभिनयाचा दोष नाही. तिला तसे लिहिलेच नव्हते.

‘बालक-पालक’ची गोष्ट जरा वेगळी. एका एकांकिकेतून आलेल्या या चित्रपटात चाळीतली एक मुलगी बदनाम होऊन निघून जाते आणि मागे राहिलेल्या पोरांच्या डोक्यात प्रश्न सुरू होतात. तिथे मुलांच्या कुतूहलात मुलीही सामील आहेत, आणि हे महत्त्वाचे होते. पण जी निघून गेली तिच्याबद्दल सगळे बोलतात, तिच्याशी कोणी बोलत नाही.

राहिला ‘फँड्री’. जब्या आणि शालू यांचे या चित्रपटात धड बोलणेही होत नाही. त्याच्या खिशातली चिठ्ठी तिच्यापर्यंत जात नाही. काळ्या चिमणीच्या मागे तो रानोमाळ फिरतो, तिची राख अंगावर पडली की शालू आपली होईल या आशेवर. डुकरे पकडण्याची ती भयंकर धावाधाव चालू असते, अख्खी शाळा हसत असते आणि त्या हसणाऱ्यांत शालूही असते. इथे तिचा अबोलपणा ही लेखकाची चूक नाही. जातीमुळे पडलेले अंतर तेवढे मोठे आहे, हेच मंजुळे यांना दाखवायचे होते. तरी प्रश्न उरतोच. शालूच्या डोक्यात काय चालले होते? ती का हसली? तिला हसू आले की हसावे लागले? आम्हाला असे वाटते की मंजुळे यांनाही या प्रश्नाने सोडले नसावे, आणि दोनच वर्षांत त्यांनी आर्ची लिहिली.

२०१४ हेच साल आणखी एका कारणासाठी आठवावे लागते. ‘फँड्री’ लागून अडीच महिने होत नाहीत तोच, २८ एप्रिल २०१४ ला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला मारून झाडाला टांगण्यात आले. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा त्याच्यावरचा आरोप. २०१७ मध्ये न्यायालयातून सगळे आरोपी सुटले. ‘सैराट’चा शेवट पाहून ज्यांना तो भडक वाटला, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. तो शेवट लेखकाच्या कल्पनेतून आलेला नव्हता. महाराष्ट्राच्या बातम्यांतून आलेला होता.

आणि आपण शहाडकरांनी, उल्हासनगरकरांनी, कल्याणकरांनी तर याहून जुनी एक घटना विसरता कामा नये. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू असताना काही तरुण परीक्षा केंद्रात घुसले आणि पेपर लिहायला बसलेल्या एका मुलीला त्यांनी पेट्रोल ओतून जाळले. तिने एका मुलाला नकार दिला होता. वर्तमानपत्रांनी त्याला ‘एकतर्फी प्रेम’ म्हटले, आणि पुढे कितीतरी वर्षे अशा प्रत्येक बातमीला हाच मथळा मिळत राहिला. त्या मुलीच्या वयाच्या बायकांनी आज पन्नाशी ओलांडली आहे. त्या परीक्षेनंतर आपल्याला घरून एकटीने कुठे जाऊ देणे बंद झाले, असे सांगणाऱ्या अनेकजणी या भागात भेटतील. गुन्हा मुलाने केला आणि दारे मुलींची बंद झाली. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये डोंबिवलीत मैत्रिणीची छेड काढणाऱ्या टोळक्याला हटकले म्हणून एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा खून झाला. हे दूरच्या गावचे नाही. आपल्याच लोकलच्या मार्गावरचे आहे.

अशा गुन्ह्यांना सिनेमा जबाबदार असतो असे म्हणणे उथळपणाचे आहे. आम्ही ते म्हणत नाही. सिनेमा नसता तरी नकार सहन न होणारे पुरुष होतेच. परंतु पडद्यावर मुलगा वर्षानुवर्षे मुलीचा पाठलाग करतो, ती चिडते, तो हसतो, आणि शेवटी ती त्याची होते, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पाहत मोठ्या झालेल्या मुलाला नकार ऐकायचा कसा हे शिकवणारे दुसरे काय होते? शाळा शिकवत नव्हती, घर शिकवत नव्हते. १९९३ च्या ‘डर’मध्ये मुलीला जिवाच्या भीतीने कापायला लावणाऱ्या, तिचा पाठलाग करणाऱ्यालाच प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. पात्रलेखनाची बाब म्हणून आपण जिच्याकडे पाहतो, ती इथे फार गंभीर होते. ज्या गोष्टीत मुलीला स्वतःचे मन नाही, त्या गोष्टीत तिच्या नकारालाही वजन नसते. तो नकार म्हणजे नायकाच्या वाटेतला एक अडथळा, एवढेच त्याचे स्थान.

आर्ची वेगळी ठरते ती इथे. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी मुलगी म्हणून तिचे फार कौतुक झाले. ते बाह्य रूप आहे आणि त्याची नक्कल पुढे पुष्कळ मालिकांनी केली. खरी गोष्ट अशी की आर्ची स्वतः बघते. ‘सैराट’चा नायक परशा तिच्याकडे पाहतो हे तिच्या लक्षात येते, आणि लाजून मान खाली घालण्याऐवजी ती त्याला जाब विचारते. मग वर्गात तीच त्याच्याकडे इतकी रोखून पाहते की त्याने नजर कुठे वळवावी हे त्याला समजत नाही. तो आपल्याला आवडतो हे ती आपल्या तोंडाने सांगते. ‘आताच बया का बावरला’ हे गाणे तिच्या मनाचे आहे, श्रेया घोषाल यांच्या आवाजातले. आपल्याकडे कोवळ्या प्रेमाची बहुतेक गाणी मुलीचे रूप वर्णन करण्यात खर्ची पडतात. इथे मुलगी स्वतःच्या अंगात काय उसळते आहे ते गाते.

परशाच्या वस्तीत ट्रॅक्टर घेऊन जाऊन ती प्यायला पाणी मागते. पाटलाच्या पोरीने त्या घरचे पाणी पिणे म्हणजे काय, हे त्या गावातल्या प्रत्येकाला कळते. तिला ते पूर्ण कळते की अर्धेच, याची मात्र खात्री वाटत नाही, आणि तिच्या चित्रणातले खरे बळ इथे आहे. आर्ची धीट आहे, तशीच लाडावलेलीही आहे. बापाची सत्ता आपल्या पाठीशी आहे हे गृहीत धरून ती चालते. ती बुलेट त्या सत्तेतूनच आलेली आहे. तिचा भाऊ वर्गात मास्तरांच्या कानाखाली मारतो, तेव्हा त्याच घरची लेक म्हणून तीही त्या माजाच्या सावलीत वाढली आहे हे सिनेमा लपवत नाही. गुणी, सोशिक, निष्पाप नायिका लिहिणे सोपे. वाट्याला आलेल्या अधिकाराचे भान नसलेली, तरीही मनाने स्वच्छ अशी सोळा-सतरा वर्षांची पोर लिहिणे कठीण.

पोलीस ठाण्यातला प्रसंग या दृष्टीने फार मोलाचा आहे. परशा आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची खोटी तक्रार तयार केली जाते. ज्या मुलीवर अत्याचार झाला असे कागद म्हणतो, ती तिथे उभी राहून ओरडते आहे की असे काही झालेले नाही. तिचे म्हणणे कोणालाच नको आहे. तक्रार तिच्या नावाची आणि इच्छा बापाची. शेवटी ती ते कागद फाडायला लावते. हा प्रसंग लिहिणाऱ्या माणसाला आपल्या समाजातले मुलीचे स्थान नेमके ठाऊक होते.

आणि मग दोघे पळून जातात ते हैदराबादला. मध्यंतरानंतर गाणी संपतात. वाड्यात वाढलेली मुलगी पत्र्याच्या खोपटात राहते, तिथल्या वासाने तिला मळमळते, रात्री रडते, घरी फोन करावासा वाटतो. कारखान्यात ती कामाला लागते, तेलुगू शिकते, चार पैसे कमावते. हळूहळू ती परशापेक्षा जास्त लवकर त्या शहराची होते. इथे परशाच्या मनात संशय शिरतो आणि एक दिवस तो तिच्यावर हात उचलतो. हाच तो कविता लिहिणारा, तिच्यासाठी विहिरीत उडी मारणारा परशा. आमच्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत धाडसी क्षण आहे, शेवटापेक्षाही. प्रेम करणारा चांगला मुलगासुद्धा संसाराला लागताच तिच्या बापासारखा वागू शकतो, हे मंजुळे यांनी आपल्याच नायकाबद्दल सांगितले. आर्ची निघून जाते. परत येते तेव्हाही ती स्वतःच्या निर्णयाने येते. वयात येणे म्हणजे काय ते इथे दिसते. पहिल्या अर्ध्या भागातली बुलेटवरची पोरगी आणि दुसऱ्या भागातली ही बाई यांच्यामधले अंतर अकलूजहून आलेल्या, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या शाळकरी रिंकू राजगुरूने कापून दाखवले. ६३व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला तो याच कामासाठी.

२०१८ मध्ये याच कथेवरून हिंदीत ‘धडक’ आला. गोष्ट उदयपूरला गेली, कपडे छान झाले, जात जवळपास पुसली गेली आणि शेवटही बदलला. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

त्यानंतर काय झाले? अगदी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रतिमा जोशी यांनी २०१८ मध्ये गौरी देशपांडे यांच्या कथेवरून ‘आम्ही दोघी’ केला. त्यात किशोरवयातल्या मुलीचे हट्टी, तर्कट, एकाकी मन होते. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली, शिकू पाहणारी सविता पुन्हा पुन्हा पाहुण्यांसमोर पाटावर बसवली जाते. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. सविताला मनातून कोण आवडते हे आपल्याला कळते. घरच्यांना कळत नाही, कारण कोणी विचारतच नाही. मराठीबाहेर पाहिले तर शुची तलाटी यांचा ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’ २०२४ मध्ये सनडान्सला गाजला. डोंगरातल्या एका निवासी शाळेतली हुशार मीरा, तिचा पहिला मित्र आणि तिची आई यांची ती गोष्ट. आई आणि वयात आलेली मुलगी यांच्यातले प्रेम, हेवा आणि पहारा इतक्या जवळून दाखवणारा चित्रपट मराठीत अजून झालेला नाही. व्हायला हवा होता. आपल्या घराघरांत तो रोज घडतो आहे.

आमची तक्रार विशेषतः आपल्या या पट्ट्याबद्दल आहे. ठाण्यापासून कसारा-कर्जतपर्यंत लाखो माणसे राहतात. मराठी चित्रपटाचा मोठा प्रेक्षक इथला. भानुसागर, पूजा-मधुबन, उल्हासनगरचे अशोक-अनिल ही चित्रपटगृहांची नावे इथल्या दोन पिढ्यांच्या तोंडी आहेत. पडद्यावर मात्र हा भाग आला तो २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’मधल्या संतापलेल्या मध्यमवयीन नोकरदाराच्या रूपाने, आणि २०२२ मध्ये ‘झोंबिवली’तल्या झॉम्बींच्या रूपाने. दोन्ही चित्रपट आपापल्या जागी चांगले आहेत. परंतु शहाडची सोळा वर्षांची मुलगी त्यांत नाही.

ती कशी जगते? सकाळी टिटवाळ्याहून, आसनगावहून, कसाऱ्याहून भरून आलेल्या गाडीच्या महिला डब्यात ती शहाडला शिरते. तिथे तिची एक मंडळी असते. आगरी, सिंधी, कोकणी, देशावरची, उत्तर प्रदेशातल्या कामगाराची, सगळ्या मिळून एकच इअरफोन दोघी-दोघींत वाटून घेतात. कल्याणला बिर्ला कॉलेज, उल्हासनगरला चांदीबाई, कुणी डोंबिवलीला, कुणी ठाण्याला. वडील रेयॉनच्या कारखान्यात पाळीवर. आई घरी बसून जीन्सचे धागे कापते, तिच्याबरोबर संध्याकाळी मुलीलाही बसावे लागते. घरात एकच खोली, त्यामुळे फोनवर बोलायला जिना. दादाला कळले तर काय, ही धास्ती कायमची. दिवाळीच्या पहाटे मात्र घरून परवानगी असते. डोंबिवलीच्या फडके रोडवर गणेश मंदिरापासून तुडुंब गर्दी, सगळी मुले-मुली नव्या कपड्यांत, आणि वर्षभर ज्याच्याशी फक्त मेसेजवर बोलणे झाले तो त्या गर्दीत चार हातांवर उभा असतो. या एका सकाळीत एका पूर्ण चित्रपटाचा ऐवज आहे. तो लिहायला परदेशी पटकथेची गरज नाही आणि गाडी, बंगला, परदेशातले गाणे यांचीही नाही. हवी ती फक्त त्या मुलीच्या बाजूने पाहण्याची तयारी.

घरांबद्दलही बोलले पाहिजे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू झाला. बालकांवरील अत्याचाराविरुद्ध तो अत्यंत आवश्यक होता आणि आहे. या कायद्यात अठरा वर्षांच्या आतल्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीचे प्रेम घरी कळले की अनेकदा मुलावर गुन्हा दाखल होतो आणि मुलगी ‘मी माझ्या मर्जीने गेले’ असे सांगत राहते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकारच्या खटल्यांबद्दल चिंता व्यक्त केली होती. त्याच वर्षी विधी आयोगाने २८३व्या अहवालात वयोमर्यादा कमी करू नये, पण अशा प्रकरणांत न्यायाधीशांना काही विवेकाधिकार असावा, असे सुचवले. वयाची मर्यादा किती असावी यावर दोन्ही बाजूंना समंजस माणसे आहेत. आमचे मत एवढेच की कायद्याने तिच्या संमतीला मान्यता दिली नाही म्हणून घराने तिचे बोलणेच ऐकू नये असे होत नाही. पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी घरातल्या किती जणांनी तिला समोर बसवून, न ओरडता, काय झाले ते विचारलेले असते? मुलीचा मोबाइल हिसकावून घेणारी घरे पुष्कळ आहेत. मुलगा कोणाच्या मागे फिरतो, ती त्याला नको म्हणाली आहे का, हे आपल्या मुलाला विचारणारी घरे त्या मानाने फारच थोडी. या भागात तरी, १९९० नंतर, तो प्रश्न मुलाला विचारणे हे प्रत्येक आईबापाचे काम आहे.

शाळांनीही हात झटकू नयेत. नववी-दहावीच्या वर्गात या वयातल्या आकर्षणाबद्दल एक तास झाला आणि त्यात मुलांबरोबर मुलींनाही बोलू दिले, तर संस्कृती बुडत नाही. आज तो तास मोबाइल घेतो, आणि तिथे जे शिकवले जाते ते कुठल्याही पालकाला चालणारे नाही.

आता लिहिणाऱ्यांना. पावसाळा सुरू झाला की कॉलेजांत एकांकिकांच्या तालमी सुरू होतील. मराठी चित्रपटांना लेखक आणि नट पुरवणारी खरी शाळा तीच आहे, ‘बालक-पालक’ तिथूनच आला. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरच्या मुलामुलींनी यंदा एक गोष्ट करून पाहावी. प्रेमाची एकांकिका लिहिताना मुलीला पहिले वाक्य द्यावे. ती कोणाच्या तरी स्वप्नात येणारी नको. तिला सकाळची गाडी असू द्या, बारावीचा अभ्यास असू द्या, चुका करू द्या, खोटे बोलू द्या, नाही म्हणू द्या. तिने नाही म्हटल्यावर मुलगा काय करतो ते लिहा, कारण तो प्रसंग आपल्या सिनेमाने जवळपास लिहिलेलाच नाही. नकार ऐकून घरी गेलेला, रडलेला, दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात तिच्याशी नीट वागलेला सोळा वर्षांचा मुलगा आपल्या आजूबाजूला नक्की आहे. त्याला नायक करण्याची वेळ आली आहे.

आणि शहाडच्या मुलींनो, तुम्ही स्वतः लिहा. गोष्ट असो, पटकथेचे चार प्रसंग असोत, नुसती डायरीची पाने असोत. जूनच्या अंकाची पाने त्यासाठी मोकळी ठेवली आहेत. नाव द्यायचे नसेल तर नावाशिवाय छापू.